घरचंच हाये, साहेब

बनीवाले खुशालराव म्हणू नका मले. नुसतं खुशाल म्हणा, भातकुलीचा बुढा म्हणा, काई म्हणा. तुमी नांदगाव पेठेहून एवढं ऊन अंगावर घेऊन बियाण्यासाठी आले, सहदेवराव, बसा, पाणी प्या, गूळ खा. पण त्या नावानं पुन्हा हाक मारली त उठून आत जाईन. ह्या माह्या बायकोले पुसा, सत्यभामेले. ती सांगीन, बुढा त्या एका शब्दावर भडकते. भडकीन नाई त काय करीन? नाव माहं नाईच. जिचं होतं तिच्यापासून काढून घेतलं, अन् वीस वर्सं अंगावर घालून हिंडलो.

बियाणं मांगता ना? मंग आंधी त्याची गोष्ट आयका. न्यायचं का नाई ते नंतर ठरवा.

माह्याहून चार वर्सांनी मोठी बहीण होती मले. थोरल्या बहिणीले आमी बाई म्हणतो, तशी ती माही बाई. नवव्या वर्सी पातुराले तिचं लगन झालं, चौदाव्या वर्सी पटकीत नवरा गेला. आमचा बाप नत्थुजी गाडी जुपून गेला अन् तिले घरी घेऊन आला. आमच्यात विधवेचा पाट लागते. दोन स्थळं आली बी होती. तिनंच नाई म्हणलं. तो दोष माह्यावर नाई. एवढा एक नाई, म्हणून सांगून टाकतो.

घरी आली अन् ती बियाण्याले बसली. आमच्या घरची रीत अशी का पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, बी बायांचं. बायांनी निवडायचं, बायांनी मडक्यात भरायचं, शेणामातीनं मडक्याचं तोंड लिपायचं. माणसानं त्या मडक्याले हात लावायचा नाई. लावला त उगवण जाते म्हणत. पेरणीच्या दिवशी तिफणीमांगं सरत्याची नळी धरून बी सोडायचं तेही बायांनीच. आमी माणसं नुसते बैल हाकत. आमच्या आजीनं केलं, मायनं केलं, माय वारल्यावर बाईनं.

बाईसारखं बी निवडणारं माणूस मी दुसरं पाह्यलं नाई. पहिल्या वेच्याचा कापूस ती घे नाई, अन् शेवटच्या फरदडीचा त हातात धरे नाई. मधातला वेचा आला का वावरातच एकेक बोंड बाजूले काढे. मंग ओट्यावर बसून बोंडातली एक बट ओढे अन् खालच्या ओठावरून फिरवे. ओठाले गुदगुल्या झाल्या त बनी, टोचलं त जडी. बनी म्हणजे आपल्या वऱ्हाडचा जुना कापूस, लांब अन् मऊ धाग्याचा. जडी म्हणजे आखूड, खरबरीत, पण रुई जास्त देणारा. झाडावर पाह्यलं त दोन्ही सारखेच. मी वावराचा मालक, मले फरक समजे नाई. तिच्या ओठाले समजे. रुई काढाच्या चरकीत सरकी दबते म्हणून बियाण्याची रुई ती नखानं सोडवे. दिवसभर बसली त ओंजळभर बी होये.

पुढं काई वर्सांनी कापसाले सोन्याचे दिवस आले. अमेरिकेत लढाई लागली होती म्हणे, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांले भेटे नाई, म्हणून साहेब लोक आमच्या दारात. अमरावतीच्या बाजारात गाड्या मावत नवत्या. आमच्या भातकुलीत लोकांनी बैलाच्या शिंगांले चांदीचे टोप बसवले अन् त्याच बैलाच्या गव्हाणीतली सरकी इकून टाकली, अशी एकेकाची अक्कल. कापूस म्हणून जे दिसीन ते खपे. ओला खपे, मातेरा खपे. मंग बनी कोण पेरते? साऱ्या शिवारात जडी झाली. मीही जडीचं बी घेऊन आलो.

“औंदा हे पेरू,” मी म्हणलो. “साऱ्या गावानं पेरलं.”

“गावाचं गाव जाणे,” बाई म्हणे. “माह्या सरत्यातून ते बी जाणार नाई. तुले पेराचंच असन त तिफणीमांगं दुसरी कोणी पाय.”

दुसरी कोण? सत्यभामा तवा नवी नवरी, हिले सरता उलटा का सुलटा समजत नवता. हसून काय राहिली वं, खरं हाये ते. मी रागानं दोन दिवस जेवलो नाई. तिसऱ्या दिवशी भूक लागली अन् बनीच पेरली. असं दर साल चाले. मी कुरकुर करो, ती मडकं धरून बसे. गावात साऱ्यांचा कापूस नासला अन् आमचा राह्यला, तो असा. माही अक्कल त्यात काडीची नाई.

मंग ती लढाई सरली, भाव पडला, अन् साहेबाले एकदम समजलं का वऱ्हाडचा कापूस भेसळीनं बिघडला. अकोल्याले रेल आली त्या सुमाराची गोष्ट. सरकारातून दवंडी फिरली का ज्याच्याजवळ निव्वळ बनी असन त्यानं अकोल्याले नमुना आणून दाखवावा. मी बैल जुपले. तीन दिवसांची वाट.

मांडवात दोन-तीनशे टोपल्या मांडल्या होत्या. साहेब एकेकीतली बट ओढून पाहे अन् टाकून दे. माह्या टोपलीजवळ आला अन् थांबला. एकदा ओढली, दोनदा ओढली, मंग पार तळात हात घालून काढून पाह्यली. वरून खालतं सारा धागा एकसारखा. त्यानं मुनशीले बोलावलं. मुनशी हैद्राबादेकडचा, पांढऱ्या दाढीचा, भला माणूस होता.

“बीज कौन चुनता है?” मुनशीनं पुसलं.

“घरचंच हाये, साहेब,” मी म्हणलो.

“घर में कौन?”

“आमीच.”

आता तुमीच सांगा, सहदेवराव. परक्या दोनशे माणसांत, कचेरीच्या लोकापुढं, घरच्या बाईचं नाव कोणी घेते का? तेही विधवा बहिणीचं? तुमी घेतलं असतं? आपल्यात तसं नाव घेणाऱ्याच्या मुस्कटात मारतेत. म्हणून ‘आमीच’ म्हणलो. त्या घडीले माह्या मनात पाप नवतं, हे मी कोणत्याही देवापुढं सांगीन. पण मुनशीनं लिहून घेतलं अन् मोठ्यानं वाचलं: खुशालराव वल्द नत्थुजी, मौजे भातकुली, बीज पारखी. साहेबानं माह्या डोक्याले पागोटं बांधलं. लोकं माना वळवून पाहाले लागले. तवा त मुनशीच्या कानात सांगता येत होतं ना? ‘मुनशीजी, मी नाई, घरचं दुसरं माणूस हाये,’ एवढंच. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राह्यलो. पाप तिथं आलं.

परतताना मूर्तिजापुरापर्यंत मनाले खात होतं. बडनेरा येईस्तोवर पागोटं डोक्याले बरं बसलं होतं.

घरी बाईनं पाय धुवाले पाणी देल्लं. “काय म्हणे साहेब?”

“चांगला म्हणे कापूस.”

“बियाण्याचं पुसलं का काई?”

“पुसलं. घरचंच हाये म्हणलो.”

तिले तेवढंच पुरलं. हसली, अन् पागोट्यावरची धूळ पदरानं पुसून ते खुंटीले लावलं.

महिनाभरानं भर दुपारी मुनशी घोड्यावर बसून भातकुलीत आला. साहेबाचा निरोप घेऊन आला होता. मुंबईहून आगबोटीनं जावं लागते तो मिसर देश. तिथं एका कंपनीनं नदीकाठी जमीन घेतली होती, अन् तिले आपल्या बनीसारखं निव्वळ बी तयार करून पायजे होतं. त्यासाठी बी निवडणारं माणूस दोन वर्सांकरता पायजे. राह्याले घर, जायायेयाचं भाडं, हाताखाली वीस लोक. “सोच लो,” मुनशी म्हणे. “आठ रोज के बाद आऊंगा.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतेत ते हे. वीस लोकांले मी काय शिकवणार होतो, बैल हाकाचं?

बाई भाकरी थापून राहिली होती. सत्यभामा पाच महिन्यांची पोटुशी, ती कणगीले टेकून बसली होती. मी सारं सांगतलं. नाव माहं लिहिलं गेलं तेही सांगतलं, खालमानेनं. वाटलं, आता तवा फेकून मारीन.

“लिहिलं त लिहिलं,” बाई म्हणे. “कचेरीत बाईचं नाव कोण सांगते? बरोबरच केलं तू.” भाकर उलटली, मंग म्हणे, “मीही येईन. तू नावाले, मी कामाले.”

“तू? समुद्रापार? जात जाईन बाई.”

“पंगत देल्ली का जात परत भेटते. पाटलाच्या भावाले नाई भेटली?”

“लोकं काय म्हणतीन?”

“आता काय म्हणतेत?” ती पहिल्यांदाच माह्याकडं नीट वळून बोलली. “इथं मी नत्थुजीची रांडावलेली पोरगी, खुशाल. लगनात पुढं उभं राहाचं नाई, हळदीले हात लावाचा नाई. सक्काळी कोणी गावाले निंघालं त मले दारामांगं लपावं लागते. तिथं कोणाले काय माईत? तिथं मी बी निवडणारी.”

मले अठ्ठावीस वर्सांत ती एवढं एका दमात बोललेली आठवत नाई.

“अन् मी वं?” सत्यभामेनं पुसलं.

“तू माहेरी राय. दोन वर्सांनी आमी आलो का पोरगं चालत सामोरं येईन,” बाई म्हणे, अन् दोघी हसल्या.

ते आठ दिवस बाईले पाह्यलं असतं तुमी. वावरात जाये ते झपझप. “तिथली माती काळी असन का रे?” पुसे. “पाणी पडते का नदीचंच देतेत? मुनशीले पुसून ठेव.” मी म्हणो, पुसीन. मडक्यातलं सगळ्यात निवडक बी तिनं काढलं, लाल फडक्यात बांधलं, अन् ते गाठोडं माजघराच्या खुंटीले अडकवलं. मिसराचं गाठोडं म्हणे त्याले.

अन् मी? मी विचार करून राहिलो होतो. वावर कोण पाहीन? बायको पोटुशी, तिचं पहिलंच बाळंतपण. हे सारं खरं होतं, खोटं नाई सांगत. पण हे नसतं तरी मी गेलो नसतो. तिथं गेल्यावर पहिल्याच दिवशी साहेबाले दिसलं असतं का बट ओठाले कोण लावते अन् बाजूले माशा मारत कोण बसते. इथं मी बीज पारखी होतो. रस्त्यानं निंघालो त लोकं रामराम घालत. मिसरात मी बाईची वळकटी उचलणारा होणार होतो. हे खरं कारण. सहदेवराव, हे मी आजवर हिलेही सांगतलं नवतं.

आठव्या दिवशी मुनशी आला अन् ओसरीवर बसला.

“मुनशीजी, माह्याच्यानं होत नाई,” मी म्हणलो. “घरात विधवा बहीण हाये. तिले कोणाच्या भरोशावर टाकू?”

पाहा माणसाची जात. तिचंच बोट दाखवून नाई म्हणलो.

मुनशीनं दाढीवरून हात फिरवला. “तो बहन को भी ले चलो. साहब उसका भी किराया देगा. और सुनो पटेल, साहब खुद कहता था, बीज चुनने में औरत का हाथ अच्छा. जाओ, पूछ के आओ.”

आता सांगा. दार सताड उघडं होतं. लाज बी उरली नवती. साहेबच म्हणे बाईचा हात चांगला. एवढंच म्हणाचं होतं का मुनशीजी, तोच हात हाये हा. मी उठलो अन् आत गेलो.

बाई मांगच्या चुलीजवळ बसली होती. बाहीरचं बोलणं तिथं आयकू येत नवतं. तिनं चांगलं लुगडं नेसलं होतं अन् खुंटीवरचं गाठोडं काढून मांडीवर घेतलं होतं.

“काय म्हणे मुनशी?”

मी माठातलं पाणी घेतलं. तांब्याभर पाणी प्यालो, तहान नसताना. मंग म्हणलो, “साहेब बायांले नेत नाई म्हणे. कायदाच हाये तसा.”

“नीट पुसलं का तू?”

“पुसलं.”

“मंग तू एकटा जाशीन?”

“तुह्याशिवाय मी काय करीन तिथं?” मी म्हणलो. हे तेवढं खरं होतं, अन् त्या खऱ्यापायी तिले मांगचं खोटंही पटलं.

तिनं गाठोड्याची गाठ चाचपली. तिचं तोंड पाहून मले राहवलं नाई. पोराच्या लागलेल्या गुडघ्यावर फुंकर मारतेत ना, तसं बोललो. “साहेबाचे कायदे बदलतेत बाई. बदलला त खबर देजो म्हणून मुनशीले सांगून ठेवतो.”

“ठेव,” ती म्हणे. उठली अन् गाठोडं पुन्हा खुंटीले लावलं.

मी बाहीर आलो. “ती नाई म्हणते, मुनशीजी. समुद्राले भिते.”

“अफसोस,” मुनशी म्हणे. घोड्यावर बसला अन् गेला. चार पावलांत मी दोनदा खोटं बोललो होतो, एकदा आत अन् एकदा बाहीर. घोडं दिसेनासं झालं तवा मले कसं वाटलं सांगू? हलकं वाटलं. हे जास्त बोचते.

मंग माहं नशीब फळलं. मिसराले जात नाई त इथंच बियाणं तयार कर, म्हणून साहेबानं निरोप धाडला. दर साल अकोला, पातूर, अमरावती, चहूकडून लोकं आमच्या ओसरीवर बियाण्यासाठी येत. बनीवाले खुशालराव. तालुक्याच्या कचेरीत मले खुर्ची देत. परदेशी गेलेल्याले जे भेटलं नसतं ते मले घरबसल्या भेटलं, असं लोकं म्हणत. आयत्या बिळावर नागोबा, असं कोणी म्हणलं नाई. कोणाले माईतच नवतं. बाई मांगच्या ओट्यावर बसून बट ओठाले लावे, अन् मी पुढच्या ओसरीवर बसून बनी कशी ओळखाची ते लोकांले समजावून सांगो. माहे शब्द मोठे बिनतोड. सारे तिचेच आयकलेले.

दर दिवाळीले तिले लुगडं घेई. चांगलं घेई, त्यात हात आखडला नाई. आता वाटते, लुगड्याच्या किमतीत बाई घेतली मी.

पहिली दोन वर्सं पेरणीच्या वख्ताले ती पुसे, “मुनशीकडून काई खबर?” तिसऱ्या वर्सी मी खेकसलो, “आली त सांगणार नाई का मी? लहान पोरासारखं काय लावलं?” त्यानंतर तिनं कधी पुसलं नाई. मले वाटलं, विसरली. खाई त्याले खवखवे म्हणतेत, पण माणूस खवखवीचीही सवय करून घेते.

एकदा तिले रेल दाखवाले बडनेऱ्याले नेलं. गाडी येऊन गेली, सारे पांगले, तरी ही रुळाजवळ उभीच. तिथल्या एका माणसाले तिनं पुसलं, “हा रस्ता कुठवर जाते, दादा?”

“मुंबईवर, माय.”

“अन् मंग?”

“मंग काय? पाणी.”

“अन् पाण्यापार?” तिनं पुसलं. तो माणूस हसला अन् गेला. मी बाजूलेच होतो. तवा सांगता आलं असतं मले, का बाई, रस्ता होता, मी बंद केला. मी तिले फुटाणे घेऊन देल्ले. ते तिनं पदरात बांधून घरी आणले अन् पोरांले वाटले.

मुनशी येऊन गेल्यावर एकोणीस वर्सांनी, पौषात, तिले ताप भरला. चार दिवसांत गेली. शेवटच्या दिवशीही तिचं एकच, मधातला वेचा अर्धा वावरात राह्यला, फरदडीत मिसळू देऊ नका.

तेरवी झाली. सत्यभामा तिचं सामान आवरून राहिली होती. सामान ते काय, चार लुगडी अन् एक पितळी वाटी. माजघराच्या खुंटीवर ते लाल गाठोडं तसंच होतं. एकोणीस वर्सं माह्या डोळ्यापुढं होतं, पण देवळीतल्या जुन्या दिव्याकडं आपण पाहतो का? तसं पाह्यलंच नवतं. म्हणलं, कुजलं असन आता. सरकी दोन वर्सांवर टिकत नाई, तिच्यात जीव राहत नाई. फेकाले म्हणून सोडलं. बी मोठं स्वच्छ दिसलं. एक दाणा दाताखाली फोडला.

आतून पांढरा निंघाला. ताजा, तेलकट, त्याच हंगामातला.

“हे कवाचं हाये?” मी सत्यभामेले पुसलं.

“औंदाचंच. दर साल बदले ना ते,” ही म्हणे. “नवं बी निंघालं का पहिली ओंजळ गाठोड्यात, मंग मडक्यात. जुनं गाईले घाले.”

“कायले?”

“मिसराले. कायदा बदलला त मुनशी खबर देणार होता ना? तुमीच सांगून ठेवलं होतं म्हणे. बाई म्हणत, खबर येईन अन् आपलं बी जुनं निंघीन त साहेबापुढं खुशालची फजिती होईन.”

मी फडक्याची गाठ पुन्हा मारली. “मंग तू मले कधी काहून नाई सांगतलं?”

“तुमाले माईत नाई असं मले कसं वाटीन?” ही म्हणे. “सांगून तुमीच ठेवलं होतं.”

सहदेवराव, तिनं मले शिव्या देल्या असत्या त बरं झालं असतं. तिले माहं खोटं समजलं असतं, तिनं माह्या घराकडं ढुंकून पाह्यलं नसतं, तरी मी निभावलं असतं. तिनं माह्यावर भरोसा ठेवला. एकोणीस वर्सं, दर साल, ताजं बी बांधून. माही फजिती होऊ नये म्हणून.

ते गाठोडं मी धुऱ्याजवळच्या तुकड्यात पेरलं. एक दाणा वाया गेला नाई. पण निवडणारं कोण होतं? हिले बाईनं शिकवलं होतं, पण हिचा ओठ तंबाखूनं बधिर. मी रीत मोडून मडक्याले हात लावला, बट ओठावर फिरवली, मले साऱ्याच गुदगुल्या झाल्या. तीन वर्सांत माह्या वावरात अर्धी जडी घुसली. लोकं म्हणाले लागले, खुशालरावाचा हात गेला. हात कधी होता? तरी तुमच्यासारखे जुन्या नावावर अजून येतेत.

ते पाहा, तिथं खुंटीले. लाल फडकं तेच हाये, ठिगळं लावलेलं. बी औंदाचं. दर साल मी बांधतो, माह्या या मेल्या ओठानं निवडून. मुनशी कवाचा वारला, साहेब त्याच्या देशी गेला, खबर कुठूनच येणार नाई. तरी पौष आला का जुनं गाईले घालतो अन् नवं भरतो.

तुमी आल्या आल्या पुसलं होतं, बनी ओळखाची कशी. मले नाई ओळखता येत. हेच त्या दिवशी अकोल्याले म्हणाचं होतं मले, तीस वर्सं झाली.

घ्या, हे गाठोडं तुमी न्या. अर्धी जडी निंघीन, आंधीच सांगून ठेवतो. तुमच्या घरात कोणी बाई असन जिच्या ओठाले समजते, तिच्या हाती द्या, अन् ती कुठं जाईन म्हणे त जाऊ द्या. अन् कोणी पुसलं, हे बी मूळचं कोणाचं, त घरचंच हाये असं म्हणू नका. चारचौघांत नाव घ्या. पार्बता म्हणा. पार्बता नत्थुजी, मौजे भातकुली, बीज पारखी.

सत्यभामा पाहा कशी पाहून राहिली माह्याकडं. तिनंही हे नाव माह्या तोंडून कधी आयकलं नवतं.